दोन गुडघे, दोन पद्धती: एसीएलच्या ऑपरेशननंतरचा व्यायाम कसा निवडावा

माझा डावा गुडघा बाविसाव्या वर्षी गेला, उजवा एकतिसाव्या वर्षी. दोन्ही बॅडमिंटन खेळताना. डाव्याच्या वेळी बॅकहँडच्या मागच्या कोपऱ्यात उडी मारून शटल परतवलं आणि एकाच पायावर उतरले. उजव्याच्या वेळी फोरहँडकडे झेपावले, बूट जागीच अडला आणि गुडघा आत वळला. दोन्हीदा आतून 'खट्' असा आवाज आला आणि दोन तासांत वाटी दिसेनाशी होईल इतका गुडघा सुजला. एमआरआयमधलं निदान एकच: एसीएल पूर्ण तुटलेला. हा लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा, गुडघ्याच्या मधोमध तिरका असतो. नडगीचं हाड पुढे सरकू न देणं आणि पाय रोवून वळताना गुडघा निसटू न देणं हे त्याचं काम.

ऑपरेशन दोन्ही गुडघ्यांचं झालं, पण नंतरचा व्यायाम अगदी वेगळ्या पद्धतीने झाला. पहिल्यांदा सगळं तारखेवर चाललं: सहा आठवडे ब्रेस, तीन महिन्यांनी जॉगिंग, सहा महिन्यांनी कोर्ट. दुसऱ्यांदा तारखा होत्याच, पण गुडघा चाचणीत उतरल्याशिवाय पुढची पायरी मिळत नव्हती. डावा गुडघा पुढे कित्येक वर्षं कुरकुरत राहिला. उजवा आज जास्त भरवशाचा आहे. माझं वय, ग्राफ्ट (तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवायला आपल्याच पायातून घेतलेला तुकडा) आणि समज, तिन्ही गोष्टी दोन्ही वेळी वेगळ्या होत्या, तेव्हा माझ्या दोन पायांवरून कुणी नियम काढू नये. जिथे संशोधनाचा आधार आहे तिथे तो सांगते, बाकीचा माझा अनुभव म्हणून वाचा.

ऑपरेशन अजून व्हायचं असेल तर

दोन गोष्टी. ऑपरेशन लगेच करायलाच हवं असं प्रत्येकाच्या बाबतीत नसतं. स्वीडनमध्ये १२१ तरुण, हालत्याफिरत्या रुग्णांवर एक अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये छापून आले. अर्ध्यांचं ऑपरेशन लवकर केलं, उरलेल्यांना आधी व्यायाम दिला आणि गरज पडली तरच नंतर ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांची अवस्था, रुग्णांच्याच सांगण्यानुसार, सारखी होती. थांबलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोकांनी तोवर ऑपरेशन करून घेतलं होतं. मला वळणं, थांबणं, उडी असलेला खेळ सोडायचा नव्हता आणि गुडघा जिना उतरतानाही निसटत होता, म्हणून मी ऑपरेशन निवडलं. ज्यांचा गुडघा निसटत नाही त्यांनी सर्जनशी हा प्रश्न मोकळेपणाने बोलावा.

दुसरी गोष्ट, ऑपरेशनआधीचे आठवडे वाया घालवू नका. सूज उतरलेली, पाय पूर्ण सरळ होत असलेला आणि मांडी जागी असलेला गुडघा ऑपरेशनला नेला की नंतरचे दिवस सोपे जातात. डाव्याच्या वेळी मी तीन आठवडे नुसती पलंगावर पडून होते. उजव्याच्या वेळी पाच आठवडे सायकल, स्क्वॉट आणि पाय सरळ करण्याचे व्यायाम केले. ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी हा फरक मला मांडीत जाणवला.

आधी ऑपरेशनचा कागद वाचा

कोणती पद्धत चांगली हे ठरवण्याआधी तुमच्या गुडघ्यात नेमकं काय केलं आहे ते कळायला हवं. डिस्चार्ज कार्डावर बहुतेकदा एकच ओळ असते. सर्जनकडून ऑपरेशनची सविस्तर नोंद मागून घ्या आणि फिजिओला पहिल्याच दिवशी दाखवा. त्यात दोन गोष्टी शोधा.

एक, मेनिस्कस. गुडघ्यातली ही गादी फाटलेली असेल तर ती शिवली की फाटका तुकडा काढून टाकला, यावर पुढचे सहा आठवडे ठरतात. तुकडा काढला असेल तर सहसा बंधनं फारशी नसतात. शिवली असेल तर वजन किती टाकायचं, आणि वजन टाकून गुडघा किती वाकवायचा, यावर चार ते सहा आठवडे मर्यादा असू शकते. बऱ्याचदा ९० अंशांच्या पुढे बसायला मनाई असते. तेव्हा 'माझी मैत्रीण पाचव्या दिवशी कुबड्यांशिवाय चालत होती' ही तुलना इथेच संपते. तिची गादी कदाचित शिवलेली नव्हती.

दोन, ग्राफ्ट कुठून घेतला. माझ्या डाव्या पायात मांडीमागच्या हॅमस्ट्रिंगचा ग्राफ्ट आहे, उजव्यात वाटीखालच्या पटेलर टेंडनचा (टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी), दोन्ही टोकांना हाडाचे तुकडे असलेला. हॅमस्ट्रिंग घेतलेली असेल तर पहिले काही आठवडे मांडीमागच्या स्नायूला जपावं लागतं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पाचव्या आठवड्यात एका टाचेने दुसऱ्या पायातला बूट ओढून काढायला गेले आणि मांडीमागे चाकू फिरल्यासारखी कळ आली, पुढचे दहा दिवस लंगडण्यात गेले. पटेलर टेंडनचं दुखणं पुढच्या बाजूला असतं, गुडघे टेकून बसताना तर हमखास. पण हाडाचा तुकडा हाडात मोडलेल्या हाडासारखा साधारण सहा आठवड्यांत जुळतो, आणि नुसत्या टेंडनला हाडात रुजायला आठ ते बारा आठवडे लागतात.

आणि एक गोष्ट कागदावर लिहिलेली नसते. ग्राफ्ट बसवला त्या दिवशी तो मजबूत असतो. मग त्याचा जुना रक्तपुरवठा तुटलेला असल्याने त्यातल्या पेशी मरतात, नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि त्याची नव्याने बांधणी सुरू होते. या काळात, साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, तो सर्वांत कच्चा असतो. नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं, सूज उतरलेली असते आणि माणसाला बरं झाल्यासारखं वाटतं. पूर्ण पक्का व्हायला त्याला वर्षाहून अधिक काळ लागतो. दुखत नाही म्हणून ग्राफ्ट तयार आहे, असा अर्थ कधीही काढू नका.

सावकाश की वेगाने

१९८०च्या दशकापर्यंत ऑपरेशननंतर पाय कित्येक आठवडे प्लास्टरमध्ये किंवा जाड ब्रेसमध्ये अडकवून ठेवत. ग्राफ्ट सुटू नये ही काळजी. त्यातून कितीतरी गुडघे आखडले. अमेरिकेतले सर्जन डोनाल्ड शेलबोर्न यांच्या लक्षात आलं की सूचना न पाळता लवकर चालू-फिरू लागलेले रुग्ण उलट बरे आहेत. १९९० मध्ये त्यांनी पॉल निट्झ यांच्यासोबत वेगवान पुनर्वसनाची पद्धत मांडली: पहिल्या दिवसापासून पाय पूर्ण सरळ करणं, झेपेल तसं वजन टाकणं, स्नायू लवकर कामाला लावणं. पुढे पटेलर टेंडनच्या ग्राफ्टवर १९ आठवड्यांचा कार्यक्रम आणि ३२ आठवड्यांचा कार्यक्रम यांची तुलना झाली. दोन वर्षांनी गुडघ्याच्या ढिलेपणात फरक दिसला नाही.

यातून लोक चुकीचा धडा घेतात, मीही घेतला होता. वेगवान म्हणजे कोर्टवर लवकर परतणं, असं वाटतं. पहिल्या आठवड्यांत हालचाल लवकर सुरू केल्याने ग्राफ्ट सैल होत नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं. खेळाकडे परतण्याची घाई हा वेगळा विषय आहे आणि तिथे सावकाशच जायला हवं. व्यायामाचा कोणताही प्रोटोकॉल, म्हणजे ठरवून दिलेलं वेळापत्रक, हातात आला की मी आता हेच बघते: त्याची सुरुवात लवकर आहे का, आणि शेवट उशिरा आहे का. माझ्या पहिल्या कागदावर बरोबर उलटं होतं, सहा आठवडे काहीच नाही आणि सहाव्या महिन्यात सगळं.

पहिले दोन आठवडे

पद्धत कोणतीही असो, या पंधरा दिवसांत दोन कामं झालीच पाहिजेत. पाय पूर्ण सरळ होणं आणि मांडीचा पुढचा स्नायू जागा होणं. माझा डावा गुडघा इथेच बिघडला.

ऑपरेशननंतर गुडघा थोडा वाकवून ठेवला की आराम वाटतो. मी गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायचे. कुणी अडवलं नाही. सहा आठवड्यांनी ब्रेस निघाला तेव्हा पाय सात-आठ अंश कमी सरळ होत होता. सात अंश ऐकायला काहीच नाही. पण तेवढ्याने चालताना गुडघा कधीच कुलूपबंद होत नाही, मांडी सतत ताणलेली राहते, वाटीमागे दुखतं आणि चालीत लंगडेपणा मुरतो. ते सात अंश परत मिळवायला मला चार महिने लागले, आणि शेवटचे दोन कधीच मिळाले नाहीत. वाकणं उशिरा आलं तरी बहुतेकदा येतं. सरळ होणं पहिल्या आठवड्यांत हुकलं तर आतमध्ये गाठीसारखी ऊती वाढून वाट अडू शकते, आणि मग पुन्हा दुर्बीण घालावी लागते.

म्हणून उशी टाचेखाली घ्या, गुडघ्याखाली नाही. टॉवेलची घट्ट गुंडाळी करून टाच त्यावर ठेवायची, गुडघा हवेत, आणि दहा मिनिटं पाय आपल्याच वजनाने खाली जाऊ द्यायचा. उजव्याच्या वेळी मी हे दिवसातून पाच-सहा वेळा करत होते. मोजायचं असं: पालथं झोपायचं, मांड्या पलंगावर, गुडघ्यांपासून खालचे पाय कडेबाहेर मोकळे. दोन टाचांच्या उंचीत जितके सेंटिमीटर फरक, साधारण तितके अंश पाय कमी सरळ होतोय. घरातल्या कुणालाही पट्टी धरता येते.

आता मांडी. गुडघ्यात पाणी साचलं की त्याच्या मज्जातंतूंकडून येणारे संकेत बदलतात आणि मांडीच्या पुढच्या स्नायूला मिळणारा हुकूम आपोआप कमी होतो. स्नायू ठीक असतो, फक्त त्याला बोलावणं पोहोचत नाही. पहिल्या ऑपरेशननंतर मी मांडीकडे बघून जोर लावत होते आणि काहीच हलत नव्हतं. मला ते माझ्या मनाचं दुबळेपण वाटलं, आणि त्यावर मी रडलेही आहे. तसं काही नसतं. टाच टेकवून गुडघा पलंगात दाबा आणि बोटांनी वाटी बघा. वाटी वर सरकली तर स्नायू चालू आहे. सरकत नसेल तर फिजिओला विजेच्या उत्तेजनाच्या यंत्राबद्दल विचारा. पहिल्या आठवड्यांत व्यायामाच्या जोडीला त्या यंत्राने मांडीची ताकद लवकर परतते, याला चांगला आधार आहे. यंत्र लावून नुसतं पडून राहू नका, झटका आला की स्वतःही जोर लावा.

कुबड्या केव्हा सोडायच्या? लंगडणं थांबेल तेव्हा. दोन कुबड्यांनी नीट चालणं हे कुबड्यांशिवाय लंगडण्यापेक्षा चांगलं. वाकण्याच्या अंशांवरून कुणाशी शर्यत लावू नका. दोन आठवड्यांत ९०च्या आसपास आलात तर पुरेसं आहे.

आणि हे घरातल्या माणसांनाही वाचून दाखवा: पोटरी सुजून कडक होणं आणि दुखणं, अचानक धाप लागणं किंवा छातीत दुखणं, ताप येऊन गुडघा लाल आणि गरम होणं, जखमेतून पू किंवा सतत स्राव येणं. यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तपासणीची तारीख बघत बसू नका, लगेच डॉक्टरांकडे जा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट तातडीच्या विभागात.

ब्रेस आणि बाकीची उपकरणं

यावर फार शब्द खर्च करत नाही. नुसत्या एसीएलच्या ऑपरेशननंतर ब्रेस सरसकट घातल्याने फायदा होतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. मेनिस्कस शिवलेला असेल किंवा दुसरा लिगामेंटही दुखावला असेल तर सर्जन तो मुद्दाम देतात, तेव्हा घालायचाच. पाय आपोआप वाकवणाऱ्या यंत्राचाही विशेष फायदा दिसत नाही. बर्फाने दुखणं कमी होतं. कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं ठेवावा.

पाऊल टेकवून की पाय मोकळा

फिजिओंमध्ये सर्वांत जास्त मतभेद मला याच बाबतीत ऐकायला मिळाले. स्क्वॉट, लेग प्रेस, स्टेप-अप यांत पाऊल कशावर तरी टेकलेलं असतं. लेग एक्स्टेंशनच्या यंत्रावर बसून पाय हवेत सरळ करताना ते मोकळं असतं. दुसऱ्या प्रकारात गुडघा सरळ होत येतो तेव्हा मांडी नडगीला पुढे ओढते आणि ग्राफ्टवर ताण येतो. त्यामुळे पहिल्यांदा मला ते यंत्र कायमचं वर्ज्य सांगितलं होतं.

पण फक्त स्क्वॉट करून मांडीचा पुढचा स्नायू पूर्ण भरून येत नाही. शरीर हुशार असतं, ते कमरेतून आणि चांगल्या पायावर काम ढकलतं. मी आरशासमोर दोन्ही पायांवर सुंदर स्क्वॉट करायचे आणि डावी मांडी तशीच बारीक राहायची. आजच्या मार्गदर्शक सूचनांत मधला रस्ता आहे: चौथ्या आठवड्यापासून ९० ते ४५ अंश एवढ्याच टप्प्यात पाय हवेत सरळ करायचा, मग दर आठवड्याला टप्पा थोडा वाढवत आठव्या आठवड्यापर्यंत पूर्ण करायचा. पटेलर टेंडनच्या ग्राफ्टला यात वजन लावता येतं, हॅमस्ट्रिंगच्या ग्राफ्टला पहिले बारा आठवडे जादा वजन लावू नये असं सुचवलेलं आहे. तेव्हा फिजिओ 'हे यंत्र कधीच नाही' म्हणाला, किंवा दुसऱ्याच आठवड्यात पूर्ण वजन लावायला निघाला, तर दोन्ही वेळा कारण विचारा.

जड वजनाने वाटीपुढे दुखत असेल तर मांडीवर पट्टा बांधून, रक्तप्रवाह अंशतः रोखून हलक्या वजनाने व्यायाम करण्याची पद्धत आहे. जास्तीत जास्त झेपणाऱ्या वजनाच्या ३० टक्के वजनावरही त्यात स्नायू वाढतो आणि गुडघा कमी दुखतो. मी ती पाच आठवडे वापरली. दाब मोजणारं उपकरण आणि प्रशिक्षित माणूस असेल तरच करा. ज्यांना रक्ताच्या गुठळीचा त्रास होऊन गेला आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

सेंटरमध्ये की घरी

डाव्याच्या वेळी मी रोज सेंटरला जायचे. वीस मिनिटं गरम शेक, दहा मिनिटं अल्ट्रासाउंड, मग पाय उचलण्याचे तीस-तीसचे तीन फेरे. दहाव्या दिवशी जे होतं तेच साठाव्या दिवशी. उजव्याच्या वेळी पहिल्या महिन्यात आठवड्याला एकदा, मग पंधरवड्याला एकदा. बाकी सगळं घरी आणि जिममध्ये, वही घेऊन. भेटी कमी झाल्या आणि काम मात्र कितीतरी जास्त झालं. कॅनडातल्या एका तुलनेत पहिल्या तीन महिन्यांत एका गटाला फिजिओच्या चार भेटी मिळाल्या आणि दुसऱ्याला सतरा. चार भेटींच्या गटाची हालचाल मागे पडली नाही.

पण त्याची अट आहे: घरी करण्याची चिकाटी, आणि भेटीत खरोखर तपासणारा माणूस. माझ्या दुसऱ्या फिजिओ दर वेळी आधी सूज बघायच्या, मग टाचांची उंची, मग मांडीचा घेर, आणि मगच म्हणायच्या, "आता दाखवा, घरी कसं करता." ज्याला एकट्याने करायला भीती वाटते, किंवा ज्याचा गुडघा आखडत चालला आहे, त्याने भेटी वाढवाव्यात. फिजिओ निवडताना मी एकच प्रश्न विचारते: पुढच्या पायरीवर मला केव्हा नेणार? उत्तरात फक्त आठवडा आला तर मी दुसरा फिजिओ शोधते.

भार किती वाढवायचा हे घरी ठरवण्यासाठी त्यांनी शिकवलेली युक्ती अशी. गुडघ्याच्या आतल्या बाजूने तळहात वर सरकवत पाणी वर ढकलायचं, मग बाहेरच्या बाजूने वरून खाली हात फिरवायचा. आतल्या खळग्यात लाट परत आली तर पाणी आहे. शिवाय वाटीच्या मधोमध टेप लावून घेर लिहायचा. व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लाट किंवा घेर वाढलेला असेल तर कालचं जास्त झालं: आज एक पायरी खाली. वाढ नसेल तर पुढे. स्नायू ठणकणं चालतं, गुडघा सुजणं नाही.

तारीख की चाचणी

सहा महिन्यांनी खेळा, हे वाक्य माझ्या पहिल्या कागदावर होतं. त्या दिवशी माझी एकही चाचणी झाली नाही. मी कोर्टवर गेले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नऊ वर्षांनी उजवा गुडघा गेला तेव्हा ऑपरेशनआधी दोन्ही मांड्यांचा घेर मोजला: वाटीच्या वर पंधरा सेंटिमीटरवर दुखावलेला उजवा पाय ४९, आणि 'चांगला' डावा ४७. नऊ वर्षं मी दुबळ्या पायावर खेळत होते आणि उतरण्याचं, थांबण्याचं ओझं उजवा पाय उचलत होता. उजवा त्यामुळेच गेला असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, पण तो आकडा बघून मी बराच वेळ गप्प होते.

नॉर्वे आणि अमेरिकेतल्या गटांनी मिळून १०६ रुग्णांचा दोन वर्षं माग काढला. २०१६ मध्ये आलेल्या त्या अभ्यासानुसार, खेळाकडे परतणं नवव्या महिन्यापर्यंत जितकं लांबवलं तितका धोका घटत गेला: दर महिन्यामागे गुडघा पुन्हा दुखावण्याचं प्रमाण ५१ टक्क्यांनी कमी. नवव्या महिन्यानंतर आणखी थांबून तसा फायदा दिसला नाही. आणि सगळ्या चाचण्या पार करून परतलेल्यांपैकी ५.६ टक्के पुन्हा जखमी झाले, न करता परतलेल्यांपैकी ३८.२ टक्के. तेव्हा तारीख हवी, चाचणीही हवी. नऊ महिने ही किमान मुदत, आणि त्यानंतर परीक्षा.

परीक्षेत काय असतं? मांडीच्या पुढच्या आणि मागच्या स्नायूंची ताकद यंत्रावर. एका पायावर लांब उडी, सलग तीन उड्या, रेषेच्या आलटून पालटून दोन्ही बाजूंना तीन उड्या, आणि सहा मीटर अंतर एका पायावर उड्या मारत घड्याळ लावून. प्रत्येकात ऑपरेशनचा पाय दुसऱ्याच्या किमान ९० टक्के भरला पाहिजे. सोबत मोबाइलवर व्हिडिओ काढा, कारण अंतर भरलं तरी उतरताना गुडघा आत पडत असेल तर ते चालणार नाही. धावायला सुरुवात करण्याआधीही छोटी परीक्षा हवी. माझ्यासाठी ती अशी होती: सूज शून्य, पाय पूर्ण सरळ, मांडीची ताकद किमान ७० टक्के, आणि एका पायावर बाकावरून उठणं-बसणं न डगमगता. बारावा आठवडा उलटला म्हणून धावायला परवानगी मिळाली नाही, सतराव्यात मिळाली.

टक्क्यांमध्ये एक फसवी जागा आहे. दुसरा पायही महिनोन्महिने आराम करून दुबळा होतो, मग दुबळ्याशी तुलना करून ९० टक्के सहज भरतात. माझ्याकडे तर दुसरा पाय आधीच ऑपरेशनचा होता. म्हणून आम्ही टक्के बाजूला ठेवून शरीराच्या वजनाशी तुलना केली. माझ्या योजनेत एका पायाने लेग प्रेसवर वजनाच्या दीडपट आणि बाकावरून एका पायावर बावीस वेळा उठणं, हे लक्ष्य दोन्ही पायांना होतं. डाव्यालाही. नवव्या महिन्यात उजव्याने गाठलं, डाव्याने नाही. मी अकराव्या महिन्यापर्यंत थांबले. तुमचा दुसरा पाय चांगला असेल तर त्याची ताकद ऑपरेशनआधीच मोजून लिहून ठेवा, नंतर तो आकडा कामाला येतो.

वय वीसच्या आत असेल तर इथे आणखी कडक राहा. अचानक थांबण्या-वळण्याच्या खेळाकडे परतणाऱ्या तरुण खेळाडूंमध्ये जवळपास चारांतल्या एकाचा एसीएल पुन्हा तुटतो, त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्यात. आईवडिलांनी आणि प्रशिक्षकांनी स्पर्धेची तारीख पुढे करून मुलांवर दबाव आणू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

भीतीचंही मोजमाप असतं

एका मोठ्या एकत्रित अभ्यासात दिसलं की ऑपरेशननंतर ८१ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या खेळाकडे परततात, पण दुखापतीआधीच्या पातळीवर ६५ टक्केच. गुडघा तयार असूनही मन मागे राहतं, हे त्यामागचं एक मोठं कारण. मानसिक तयारी मोजणारी बारा प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. तुमच्या फिजिओला माहीत असेल. मी ती सहाव्या, नवव्या आणि अकराव्या महिन्यात भरली. सहाव्या महिन्यात 'विचार न करता खेळता येईल का' या प्रश्नावर मी जवळजवळ शून्य दिलं होतं.

मला उपयोगी पडलं ते भीतीची जागा नेमकी शोधणं. मला खेळाची भीती नव्हती, फोरहँडच्या पुढच्या कोपऱ्यात उजवा पाय टाकून थांबण्याची होती. मग तेवढीच एक हालचाल शटलशिवाय, अर्ध्या वेगाने, दिवसाला वीसदा. दोन आठवड्यांनी पूर्ण वेगाने. मग कुणीतरी हाताने शटल टाकणार आणि मला आधीच माहीत की कुठे येणार. मग माहीत नसताना. मग अर्ध्या कोर्टवर रॅली, मग दुहेरी, आणि सगळ्यात शेवटी एकेरी. प्रत्येक पायरीला किमान आठवडाभर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टेप.

पहिला एकेरी सामना मी बाराव्या महिन्यात खेळले, दोन गेम. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावर बसून वाटीच्या मधोमध टेप लावली. ३६.५ सेंटिमीटर, आदल्या दिवशी होती तेवढीच.